बाराव्या आकड्यावरचं वल्हं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तासगावच्या बहिणीला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ते रोज माझ्यासमोर जेवायला बसतात. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल.

आमचं गाव आष्ट्याकडचं, कृष्णेच्या काठाला. आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन परत आले. तरुणपणी गावच्या होडीत पहिलं वल्हं त्यांचं असायचं. सांगलीला होड्यांच्या शर्यती लागल्या की रजा काढून यायचे. असा माणूस — आणि मिरजेला छातीचं ऑपरेशन झाल्यावर पायरी चढायलाही भ्यायला लागला. डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला होता, पण हे खाटेवरून उठेनात. ताटातलं अर्धं ताटातच राहायचं. मी काय करणार होते?

लेकीनं सांगलीतल्या बंद पडलेल्या एका जिममधून वल्हं मारायचं मशीन आणून दिलं. सरकती बैठक, दोन दांडे, आणि दांड्यांना तेल भरलेली नळकांडी. दांडा ओढला की ते तेल आतून अडवतं, पाण्यात वल्हं अडतं तसं. किती जड करायचं त्याचे आकडे होते, एकपासून बारापर्यंत.

पहिल्या दिवशी एकावर बसले आणि घामाघूम होऊन उठले. पण दुसऱ्या दिवशी परत बसले. पावसाळा सरता सरता तिनावर गेले, थंडीत पाचावर. आकडा वाढवला की मला हाक मारायचे. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहायची. चेहरा बदलत गेला होता त्यांचा. भाकरी मागून घ्यायला लागले होते.

मशीनखाली काळसर डाग मला तेव्हाच दिसला. मशीनला लावलेलं वंगण असेल म्हणून पुसला. परत पडला, परत पुसला.

मग मशीन कुरकुरायला लागलं, म्हणून आष्ट्याहून मिस्त्री बोलावला. मालक बँकेत गेले होते. त्यानं दांडा दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाला, "काकी, ह्यातलं तेल गळून चाललंय. दिवसेंदिवस हलकं पडत जाणार हे. आकडा बाराचा लावला, तरी जोर एकाएवढाबी लागायचा न्हाई."

म्हणजे हे वर चढतायत असं आम्ही म्हणत होतो, आणि खरं तर मशीनच खाली उतरत होतं.

नळकांडी बदलून मिळतात, असंही तो म्हणाला. मी काय म्हटलं असेल? — "त्यांना यातलं काही सांगू नकोस." कुरकुर तेवढी बंद करून घेतली. तेव्हा मला त्यात पाप वाटलं नाही, खरं सांगते. माणूस हसतोय, जेवतोय, कशाला मोडायचं? रोज ते आंघोळीला गेले की मी फरशी पुसून घ्यायची.

उन्हाळ्यात ते बारावर पोहोचले. साऱ्या गल्लीला सांगून आले.

पावसाळ्यात गावच्या होडीचा म्होरक्या, बापू, घरी आला. शर्यत तोंडावर आलेली आणि वल्हं मारणारा एक गडी आजारी पडलेला. "सुभेदार, बसताय का? तुमी तर बारावर वडताय म्हणं," असं त्यानं विचारलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप घेऊन उभी होते. बोलायची वेळ तीच होती. बापूला बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले असते, तरी भागलं असतं. आणि मी म्हटलं, "बसतील की."

का म्हटलं? त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला विझवता आलं नाही — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला भीती होती ती माझं लपवणं बाहेर पडायची.

सांगलीच्या घाटावर ही गर्दी. अर्ध्या अंतरापर्यंत आमची होडी पुढे होती. मग यांचं वल्हं मागं पडायला लागलं, दुसऱ्याच्या वल्ह्याला आपटलं, आणि हे छातीशी हात धरून वाकले. होडी आडवी झाली. बाकीच्या होड्या शेजारून निघून गेल्या. पोरांनी यांना धरून काठावर आणलं.

मिरजेला नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि हृदयाला काही झालेलं नाही म्हणाले — अंगात होती त्यापेक्षा जास्त ताकद लावली, म्हणून दमले. यांना ते पटलं नाही. घरी आल्यावर खाटेवर बसून मला विचारलं, "सुमन, मशीनवर तर बारावर वडत हुतो की गं मी. मग नदीत काय झालं?"

उत्तर साऱ्या जगात दोघांना ठाऊक होतं, त्या मिस्त्रीला आणि मला. तुमचं शरीर दगा देत नाहीये, मशीन रिकामं झालंय, नवीन नळकांडी बसवून परत एकापासून सुरू करा — एवढंच तर सांगायचं होतं.

मी म्हटलं, "वय झालं आता आपलं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

तेल पुसलं त्याचं मला एवढं वाटत नाही. हे वाक्य मात्र गिळता येत नाही. डॉक्टर आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले, आतून आपण संपलोय, असं त्यांनी त्या दिवशी धरलं ते कायमचं. मशीन भंगारवाल्याला दिलं. नदीकडे जाणं सोडलं, मग चावडीपर्यंत जाणंही सोडलं. बापू दोनदा बोलवायला आला, नंतर तोही यायचा थांबला. मधल्या वर्षांत सांगायच्या किती वेळा आल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? उपयोग होता. दर वर्षी थोडा कमी होत गेला, एवढंच.

काल गिरणीतून दळण आणायचं होतं. लहानसाच डबा, गिरणीही दोन घरं सोडून. मी चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. ते म्हणाले, "तूच आण. माझ्यानं आता व्हायचं न्हाई."

मी गेले आणि डबा घेऊन आले.