मागून येतोय

जिन्याखालच्या दुकानात किल्ल्या करून देणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कॅप्टन म्हणायची. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर त्याला स्वतःला बाहेर उभं राहावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या रांगा, पायाखाली पितळेचा कीस. आठवड्याचे सहा दिवस तो लोकांची अडलेली कुलपं उघडायचा आणि सातव्या दिवशी पहाटे मेहुण्याला घेऊन समुद्रात मासे पकडायला जायचा.

त्यांच्याकडे दोन कयाक होत्या. एकेका माणसाच्या अरुंद होड्या, पाठीमागे गळाची काठी खोचायला खाच असलेल्या. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आचारी होता. कामाची वाटणी ठरलेली होती. पाण्यात कॅप्टन पुढे, मेहुणा मागे. घरी आल्यावर मेहुणा मासे साफ करून मीठ, लिंबू आणि मिरपूड लावून तव्यावर टाकायचा आणि कॅप्टन ताटावर बसून गोष्टी सांगायचा. मासा कोणाच्याही गळाला लागलेला असो, गोष्ट कॅप्टनची.

"समुद्रात दोनच नियम," तो म्हणायचा. "अंगातलं लाइफ जॅकेट काढायचं नाही आणि जोडीदाराला सोडायचं नाही." हे त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की तो बोलायला लागला की बायको वाढता वाढता नुसते ओठ हलवायची आणि मेहुणा हसू दाबत तव्याकडे वळायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं कोणाला सांगितली नव्हती. अकरा वर्षांत त्याची कयाक एकदाही उलटली नव्हती. खोल पाण्यात उलटलेल्या कयाकवर परत कसं चढायचं, हे त्याला फक्त ऐकून माहीत होतं. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे तो कधी पोहलाच नव्हता.

त्या रविवारी मासे मन लावून गळाला लागत होते. नऊच्या सुमाराला वारा फिरला आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला. कॅप्टन म्हणाला, "निघू या." मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एवढा एक ओढतो, मोठा वाटतोय." कॅप्टन हळूहळू पुढे निघाला. दोनशे हात गेला असेल नसेल, मागे काहीतरी धपकन आपटल्याचा आवाज आला.

त्यानं वळून पाहिलं. पिवळी कयाक पालथी झाली होती. वल्हं वाहत लांब चाललं होतं. मेहुण्याचं डोकं आणि वर केलेला एक हात दिसत होता.

"भाऊजी!"

कॅप्टननं कयाक अर्धी वळवली. तेवढ्यात आडवी लाट आली, कयाक कलंडता कलंडता राहिली. त्यानं कयाकचं तोंड परत किनाऱ्याकडे केलं. मदत आणायला चाललोय, असं तो स्वतःला सांगत राहिला. आयुष्यात मारलं नव्हतं इतक्या जोरानं त्यानं वल्हं मारलं. परत मागे मात्र पाहिलं नाही.

किनाऱ्यावर आल्यावर त्यानं कयाक वर ओढली. तो वाळूत बसला. गळ्यातल्या पिशवीत फोन कोरडा होता. तो काढायला त्याचा हात उठला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. धक्क्यावर दोर गुंडाळत असलेल्या लाँचवाल्यानं सहज विचारलं, "काय कॅप्टन, आज एकटेच?"

"मागून येतोय," कॅप्टन म्हणाला.

आपण असं का म्हणालो, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

लाँचवाल्यानं डोळ्यांवर हात धरला. "मागून कुठं? मला तर कोणी दिसत नाही." मग त्यानं कॅप्टनच्या तोंडाकडे पाहिलं, दोर तिथंच टाकला आणि लाँच सुरू केली.

मेहुणा त्याला पालथ्या कयाकवर पोटावर पडलेला सापडला, वाऱ्यानं आत आत ओढला जात असलेला. ओठ निळे पडले होते, पण कमरेला बांधलेली माशांची पिशवी तशीच होती.

त्या दिवशीही स्वयंपाक मेहुण्यानंच केला. कोणाचं ऐकेना. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तो तव्याकडे तोंड करून म्हणाला, "भाऊजींनी लाँच पाठवली, म्हणून आलो." बायकोचे डोळे भरून आले. तिनं सगळ्यात मोठा तुकडा नवऱ्याच्या ताटात वाढला. त्यानं तो ताटाच्या कडेला सारला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला दुसरा विषय नव्हता. किल्ली करायला आलेली माणसं पाठीवर थाप मारून जायची. तो मान खाली घालून "अहो, कसलं काय" म्हणायचा. लोकांना वाटायचं, काय साधा माणूस आहे. लाजेनं खाली गेलेली मानही आपल्या कौतुकातच जमा होतेय, हे पाहून त्याला स्वतःची किळस येई. पुढचे तीन रविवार मेहुण्याची ड्यूटी निघाली.

मग एका दुपारी लाँचवाला गंजलेलं कुलूप घेऊन दुकानात आला. नेमकी बायको डबा घेऊन आलेली. "तुमचे उपकार कसे फेडायचे," ती त्याला म्हणाली. "पण यांनी वेळेवर सांगितलं, म्हणून हो."

लाँचवाल्यानं कॅप्टनकडे पाहिलं. "कुलूप आजच होईल ना?" एवढंच म्हणाला आणि गेला.

कॅप्टनचे कान तापले. त्यानं एकामागोमाग दोन किल्ल्या चुकीच्या कापल्या. मग मशीन बंद केलं, दुकानाचं शटर ओढलं आणि तो थेट इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेला. मेहुणा मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होता.

"तू हाक मारलीस ती मी ऐकली होती," कॅप्टन म्हणाला. "ऐकूनही निघून गेलो."

"माहीत आहे. तुम्ही वळून पाहिलंत ते मला दिसलं होतं, भाऊजी. माणूस घाबरतो. मी घातली माझ्या मनाची समजूत."

"लाँच मी पाठवली नाही. त्यानं विचारलं, तर मागून येतोय म्हणालो."

मेहुण्याचा हात थांबला. त्यानं गॅस बारीक केला आणि पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसला.

"हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. उठून त्यानं पुन्हा डाव हातात घेतला. "ताईला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही. पण तिनं विचारलं, तर आता खोटंही बोलणार नाही."

कॅप्टननं त्याच संध्याकाळी सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सांगून होईपर्यंत तिनं एकही घडी चुकवली नाही. "माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "आणि मी गल्लीभर तुमचं कौतुक सांगत फिरले."

दुसऱ्या दिवशी ती जिन्यावरून घरोघरी गेली. जिन्याखाली बसलेल्या त्याला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "मी मागे सांगितलं ना, ते तसं नव्हतं." पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मशीन चालू करून तो आवाज बुडवता आला असता. त्यानं ते चालू केलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस घरात मीठ, पाणी आणि दूध यांच्यापलीकडे बोलणं नव्हतं.

त्यानं लाँचवाल्याला गाठलं. "मला उलटायला शिकव," तो म्हणाला. लाँचवाला हसला नाही. रोज सकाळी तो त्याला आधी छातीभर, मग खोल पाण्यात न्यायचा आणि कयाक पालथी करायला लावायचा. पहिल्या दिवशी कॅप्टन पाणी प्यायला, लाँचच्या कडेला घोरपडीसारखा चिकटून बसला. "परत," लाँचवाला म्हणायचा. दोन महिन्यांनी तो कोणाच्या मदतीशिवाय चढू लागला, आणि दुसऱ्याला कसं चढवायचं तेही शिकला.

मेहुण्याच्या कानावर हे गेलंच असणार. एका रविवारी तो किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. माफीची भाषा दोघांनीही केली नाही.

"तुम्ही पुढे राहा," मेहुणा म्हणाला. "मला दिसाल इतक्यावरच. त्याच्या पलीकडे जायचं नाही."

"बरं," कॅप्टन म्हणाला.

नेहमी पुढे असणारा कॅप्टन आज नजरेखाली ठेवलेल्या माणसासारखा पुढे चालला. दर थोड्या वेळानं तो थांबून मागे बघायचा आणि मेहुणा हात वर न करता नुसती मान हलवायचा. चार लहान मासे मिळाले. घरी खवलं कॅप्टननं काढली, तव्यावर मेहुण्यानं टाकले, आणि बायकोनं पहिलं ताट भावाला वाढलं. ताटावर कोणी गोष्ट सांगितली नाही.

निघताना मेहुणा पुढच्या रविवारचं काही बोलला नाही. कॅप्टननंही विचारलं नाही. तो रविवार रिकामा गेला, त्याच्या पुढच्या रविवारी मेहुणा आला.