बर्फात वाळूची अक्कल

दुबईतल्या जबल अलीच्या टायरवाल्याकडे नव्या रबराचा वास आला आणि मला जॉर्जियातला तो बर्फाचा चढ आठवला. लेक मीरा तेव्हा बारावीला होती. तिला बर्फ पाहायचा होता, म्हणून दुबईहून गेलो होतो. भाड्याच्या गाडीला हिवाळी टायर होते, थंडीतही मऊ राहणारे. "सावकाश चालवा, एकदम ब्रेक दाबू नका," असं गाडीवाल्यानं बजावलंही होतं. पण चढावर चाकं जागीच फिरू लागली आणि माझ्यातला वाळवंटवीर जागा झाला. दर शुक्रवारी वाळूत गाडी घालणारा मी. रुतलं की टायरची हवा कमी करायची, एवढं मला पाठ. उतरलो आणि चारही चाकांची हवा सोडली.

"अहो, आता भरणार कशी?" बायकोनं काच खाली करून विचारलं. पंप दुबईत होता.

मीरा बर्फातच बसून पोट धरून हसली. "बाबा, धिस इज नॉट द डेझर्ट, हबीबी!" मी इतका दुखावलो, की ट्रॅक्टरनं गाडी ओढून नेईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

आता ती कॅनडात असते. परवा तिकडे बर्फाचं वादळ आलं, म्हणून फोन केला. "हिवाळी टायर लावलेस ना? पुढच्या गाडीपासून अंतर ठेव." आता वाळूवरून टोमणा येणार, म्हणून मी कान टवकारून बसलो.

"यस बाबा. थँक यू फॉर चेकिंग."

इतक्या अदबीनं माझ्याशी फक्त बँकेतली मुलगी बोलते.