घाट अजून पुढे होता

आई कनकेश्वराचा डोंगर चढून अभिषेकाला गेली होती, आणि त्याच सकाळी माझे वडील किहीमच्या आमच्या वाडीत नारळावरून पडून गेले. तेव्हापासून देवाशी माझा अबोला होता. पुढे मी विमानदलात नॅव्हिगेटर झालो. अंतर, वेग आणि वेळ यांच्या गणितात जी खात्री मिळाली, ती मला कुठल्याच देवळात मिळाली नव्हती.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. लेहला अजून मोटारीचा रस्ता नव्हता. श्रीनगरहून घोड्यांच्या तांड्याबरोबर पायी निघालं तर पंधरा-सोळा दिवस लागत. आमच्या डाकोटा विमानाला तासाभराहून थोडं अधिक. त्या एका तासाचा मला केवढा गर्व होता!

एकदा लेहहून परतताना स्ट्रेचरवर एक जवान होता. फुप्फुसात पाणी झालेलं, श्वास घरघरत होता. त्याच्या शेजारी एक लडाखी म्हातारा, एका डोळ्याच्या उपचाराला निघालेला. सारा जन्म त्याने याच वाटेवर घोडी हाकली होती. अर्ध्या वाटेत ढगांनी खालचं सगळं झाकलं. मागे लेहही झाकलं गेल्याचं वायरलेसवर कळलं. आता भरवसा फक्त घड्याळाचा. मी गणित केलं, पुन्हा तपासलं आणि कॅप्टनना म्हणालो, "झोजी घाट मागे पडला, सर. खाली उतरायला हरकत नाही."

विमानाचं नाक खाली झालं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. तो म्हातारा धडपडत माझ्यापर्यंत आला होता. खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला, "द्रास, साहब! झोजी आगे है!"

ढगाला एक फट पडली होती. तिच्यातून नदीचं वळण आणि चार शेतं दिसली, आणि फट मिटली. म्हणजे समोरचा वारा मी धरला होता त्याहून कितीतरी जोराचा होता. "वर घ्या, सर! घाट अजून पुढे आहे!" मी ओरडलो.

काही मिनिटांनी ढगातून एक काळा, बर्फाळ कडा वर आला. उतरत राहिलो असतो, तर त्याच्यावरच आदळलो असतो. मग खाली काश्मीरची हिरवी दरी उघडली, आणि माझे हात आपोआप जुळले.

जवान वाचला. गडबडीत म्हातारा कुणाबरोबर निघून गेला, ते समजलं नाही.

रजेवर आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "नाव इचारलंस त्याचा?"

"न्हाय गो."

"बरा झाला. नाव ठावं असता, तर एकाच्याच पाया पडला असतास."

त्यानंतरही मी गणितं केली, पूर्वीपेक्षा अधिक काळजीने. पण आकडा सांगून झाला, की मी मनातल्या मनात वाकतो. कोणापुढे, हे आता विचारत नाही.