नानांच्या लघवीतलं अल्ब्युमिन

“मॅडम, बठ्ठा रिपोर्ट चांगला शे ना? मंग आडकनं कोठे?”

नाना माझ्यासमोर बसले होते. सोनगीरचे, तांब्या-पितळेची भांडी घडवण्यात आयुष्य गेलेले, पासष्टीचे. दंड अजून घट्ट. त्यांची एकुलती मुलगी वंदना जळगावला शाळेत शिकवते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि ती डायलिसिसवर आली. आई हयात नाही, नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. नानांचा जुळला. नाशिकच्या किडनीच्या डॉक्टरांनी दात्याच्या तपासण्यांसाठी त्यांना धुळ्याला माझ्या लॅबमध्ये पाठवलं.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, नॉर्मल होतं. सोनोग्राफी स्वच्छ. अडलं होतं ते लघवीपाशी.

किडनी ही गाळणी आहे. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन तिने रक्तातच राखायचं असतं. गाळणी सैल व्हायला लागली की ते थोडंथोडं लघवीत उतरतं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला बराच वेळ लागतो. तोवर माणसाला काही जाणवत नाही. नानांच्या लघवीत अल्ब्युमिन जास्त होतं.

मी नाशिकला फोन लावला.

“रिपीट करा,” सर म्हणाले. “ताप, दगदग, इन्फेक्शन, कशानेही वाढतं. सकाळची पहिली लघवी घ्या.”

नानांना नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते सॅम्पल घेऊन आले. बाटलीतली लघवी पाण्यासारखी नितळ.

“नाना, ही पहिली लघवी नाही.”

“सकायपाईन पाणीज पी राह्यनू. बठ्ठं धुवाई जाई म्हने.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. पाण्याने अल्ब्युमिन पातळ होतं, तसं लघवीतलं क्रिएटिनिनही पातळ होतं. म्हणून आम्ही दोन्ही मोजतो आणि त्यांचं प्रमाण काढतो. त्याला एसीआर म्हणतात. त्यांच्यासमोरच सॅम्पल मशीनला लावलं. अल्ब्युमिनचा आकडा खरंच खाली आला होता. एसीआर जवळपास पहिल्याइतकाच.

“एवढं नका लिहू,” नाना अचानक शुद्ध मराठीत म्हणाले. “माझी सही घ्या. मला काही झालं तर तुमच्यावर येणार नाही.”

“नाना, ही किडनी तिला पुरायची नाही. आणि तुमच्याकडे एकच उरेल, तीही गळकी.”

“पोर वाट देखी राह्यनी, मॅडम.”

आला तो आकडा लिहून मी रिपोर्टवर सही केली. काही आठवड्यांनी नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा तपासलं. तेच आलं. सरांनी नकार कळवला आणि नानांचं बीपी नीट तपासून घेतलं. ते चढलेलं निघालं. बहुधा कित्येक वर्षं तसंच असावं. नानांनी ते कधी मोजलंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं.

त्यानंतर वंदनाचा फोन आला. ती भांडेल असं मला वाटलं होतं.

“मॅडम, नापास झाले ना नाना? नक्की?”

“हो.”

मग ती म्हणाली, “त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. रोज फोन करून म्हणायचे, बेटा, मी तुले किडनी दिसू. मला ते ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेले नको होते. मला ते दारात बसलेले हवेत.” आणि ती रडायला लागली.

हे मी नानांना सांगितलं नाही. ते तिचं तिने सांगायचं.

वर्षभराने नाना आले. एसीआर चांगला खाली उतरला होता. रिपोर्ट हातात धरून त्यांनी विचारलं, “मंग आते दि सकस ना?”

मी मान हलवली. नाही. गोळ्यांनी आटोक्यात आलेली किडनी दान करता येत नाही.

“मंग हाई कमी व्हयनं त्याना काय उपेग?”

“तुमच्यावर डायलिसिसची पाळी येणार नाही, नाना.”

हे उत्तर त्यांना हवं नव्हतं. रिपोर्ट तिथेच ठेवून ते जळगावच्या बसला गेले. वंदनाच्या डायलिसिसचा दिवस होता. अनोळखी दात्याच्या किडनीसाठी तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. अजून बोलावणं आलेलं नाही.

साठी उलटलेल्या माणसाने बीपी-शुगरबरोबर वर्षातून एकदा लघवीचा एसीआर करून घ्यावा. किडनी खराब होताना दुखत नाही. जे दुखतं ते नंतर, आणि बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्याच कुणाला.