होडी बुडाली की दूध ठेवायचं

नव्या अय्यांचा उपदेश संपेना. मी कॉफीचं दूध तिसऱ्यांदा गॅसवरून उतरवलं.

अय्या म्हणजे पाद्री. अड्यारच्या एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मी तीस वर्षं झाडलोट, घंटा आणि रविवारची कॉफी बघते. मी त्यांच्या धर्मातली नाही. शिक्षण पाचवी, तमिळ शाळेत. पण उपदेश मला पाठ आहेत, कारण ते सगळे एकाच पुस्तकातले. ऑफिसच्या कपाटात आहे ते. उपदेश कसा करावा, हे त्यात लिहिलंय. मुद्दे तीनच घ्यायचे. तिसऱ्या मुद्द्याला गोष्ट सांगायची: नावाडी होडीत दागिन्यांची पेटी चढवतो, दोर काठावरच विसरतो, वादळात होडी बुडते. लोक रडले की प्रार्थना.

पहिल्या अय्यांनी होडी परदेशात बुडवली. दुसऱ्यांनी नागपट्टिनमला. तिसरे म्हणाले, नावाडी माझा सख्खा मामा. होडी बुडाली की मी दूध ठेवायची.

नवे अय्या प्रोबेशनवर होते. पुस्तकातून बोलणं म्हणजे चोरी, असं त्यांचं मत. मुद्दे नाहीत, गोष्ट नाही. प्रार्थनेला कधी उभं राहायचं तेच लोकांना कळेना. दोघं उभे राहिले आणि परत बसले.

कमिटीचे सेक्रेटरी माझ्याजवळ कॉफी घेताना म्हणाले, "मला एकही मुद्दा सापडला नाही. पुढच्या रविवारी हेच झालं तर दुसरा माणूस बघू."

मी अय्यांना तसंच सांगितलं.

"अम्मा, मी मनापासून बोललो."

"म्हणूनच लांबलं. होडी बुडवा."

"कुठली होडी?"

मी पुस्तक काढून दिलं. समासात जुन्या अय्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथे चष्मा काढणे'. वाचून ते हसले. मग चेहरा उतरला.

"ही गोष्ट कॉलेजात आमच्या सरांनी सांगितली होती. स्वतःच्या आजोबांची म्हणून."

पुढच्या रविवारी मुद्दे तीन. होडी बुडाली. सेक्रेटरींनी रुमाल काढला.

"आता कसं! अगदी जुन्या अय्यांसारखं, आणि तरी किती नवीन!"

त्याच आठवड्यात कायम केल्याची ऑर्डर निघाली. अय्या मात्र तोंड पाडून बसले.

"अम्मा, त्यात माझं एकही वाक्य नव्हतं."

"ऑर्डर तर तुमचीच आहे ना?"

त्यानंतरच्या रविवारी ते पुन्हा मनातलं बोलले, पाऊण तास. सेक्रेटरी घड्याळ बघत राहिले. करतात काय? माणूस कायम झाला होता. नव्या नोकरीत आधी जुनं पुस्तक म्हणावं. स्वतःचं डोकं चालवायला पुढे रविवार पुष्कळ असतात.