चियांग माईची कार्तिक पौर्णिमा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. दोन हजार एकोणीसच्या कार्तिक पौर्णिमेला मी थायलंडमधल्या चियांग माईत होतो. हॉटेलच्या खोलीत पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि नागपूरला आईला व्हिडिओवर सांगत होतो की मी सिडनीत घरीच आहे.

देश सोडला त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर आई काचेच्या दारापर्यंत आली होती. पांढरी साडी, हातात माझीच पाण्याची बाटली, जी मी घ्यायची विसरलो होतो. बाकीच्या आया रडत होत्या. आमची आई भूगोलाची शिक्षिका. तिने दहावीच्या पोरांना तंबी देतात तशा आवाजात सांगितलं, "फोनवर उगाच 'सगळं बरं आहे' म्हणू नकोस. बरं असेल तरच म्हण."

पहिल्या महिन्यातच मी 'सगळं बरं आहे' म्हणालो. नोकरी नव्हती, एका गुजराती कुटुंबाच्या गॅरेजमध्ये राहत होतो, आणि सगळं बरं होतं. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे सिडनीतल्या वेस्टमीडच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो, घर झालं, मग खरोखरच बरं चाललं. पण सवय लागली होती. तिकडच्या माणसांना थोडं कमी सांगायचं, थोडं गुळगुळीत करून सांगायचं.

पौर्णिमेचा फोन ही आमच्या घरची रीत होती. आई पहाटे विहारात जाऊन यायची आणि सात वाजता व्हिडिओ लावायची. तेव्हा इकडे दुपार असायची. मी लॅबमधून खाली येऊन हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसायचो. ती तिकडून, मी इकडून, मिळून त्रिसरण-पंचशील म्हणायचो. माझी थोरली बहीण आईसोबतच राहते. ताई मागे कणीक मळता मळता सूर लावायची. काम पाच मिनिटांचं. पण तेवढ्यात मी पुन्हा त्या घरातला असायचो.

चियांग माईचं खूळही आईचंच. त्यांच्या विहारात आलेल्या एका भंतेंनी त्या शहराचं वर्णन केलं होतं. खंदकाने वेढलेलं जुनं गाव, पावलोपावली विहार, डोंगरावर सोन्याचा चैत्य, आणि आपल्या कार्तिक पौर्णिमेलाच त्यांचा सण, नदीत दिवे सोडायचा. आईने नकाशाचं पुस्तक काढलं. "तू तिकडून ये, आम्ही दोघी इकडून येतो. मधल्यामध्ये भेटू."

"आई, ते मध्ये नाहीये. मला तिप्पट उडावं लागेल."

"मग? आईकडे येणाऱ्याने जरा जास्त यावं."

दोघींनी पासपोर्ट काढले. डोंगरावरच्या पायऱ्यांची तयारी म्हणून आई रोज संध्याकाळी शेजारच्या इमारतीचा जिना चढायची. ताई फोनवर तक्रार करायची, "वॉचमन विचारतो, आजीचं कोण राहतं इथे?"

माझी रजा मंजूर झाली. आणि मी आईला सांगितलं की नामंजूर झाली. सुजाताला सांगितलं की आईचा गुडघा दुखतोय, ती नको म्हणतेय. दोघींमध्ये मी उभा होतो, त्यामुळे दोघींनाही खरं वाटलं.

का केलं ते लिहितोच आता. भारतात गेलो की मी मुलगा असायचो, भाऊ असायचो, कोणाचा तरी भाचा असायचो. इथे आल्यावर लॅबमधला माणूस. मला पाच दिवस कोणीच व्हायचं नव्हतं. आई असती तर रोज पाच विहार झाले असते, प्रत्येक ठिकाणी पंचांग प्रणाम, संध्याकाळी धम्मावर बोलणं. मला नदीकाठी बसून बिअर प्यायची होती. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी बरंच शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आणि ते शहर फार सुंदर होतं, हेच वाईट. पहाटे धुकं डोंगराच्या कमरेपर्यंत उतरलेलं असायचं. डोंगरावरच्या विहारात पायऱ्यांच्या दोन्ही कडांनी हिरवे-सोनेरी नाग खाली सरपटत आलेले. वर माणसं हातात कमळाची कळी, उदबत्ती आणि मेणबत्ती घेऊन चैत्याला प्रदक्षिणा घालत होती. गावात एक विटांचा प्रचंड चैत्य, माथा केव्हाच ढासळलेला, अंगावर दगडी हत्ती, काहींच्या सोंडा उरलेल्या नाहीत. सणाच्या संध्याकाळी लाकडी विहारापुढच्या तळ्याकाठी केशरी चीवरातले कोवळे श्रामणेर पणत्यांच्या रांगांमध्ये डोळे मिटून बसले होते. बायका फुटपाथवर केळीच्या खोडाच्या चकत्या कापून त्यावर केळीचीच पानं दुमडत होत्या, वर झेंडू, मध्ये मेणबत्ती. तो झेंडू अगदी आपलाच. सुजाताने एक दिवा विकत घेतला. विकणारीने खुणेने आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं की पाण्याला वर्षभर आपण त्रास दिला, त्याची माफी मागायची आणि सोडून द्यायचा. सुजाताने डोळे मिटले. मी तिचा फोटो काढला.

पण त्या सकाळचा फोन आधी झाला होता. सुजाता नाश्त्याला खाली गेली होती. सात वाजता, नागपूरच्या सातला, आईचा फोन आला.

"आज गाडीत नाहीस?"

"शिफ्ट उशिराची आहे. घरीच आहे."

आम्ही म्हणायला सुरुवात केली. चौथ्या शीलापाशी, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, माझी जीभ अडखळली नाही. तेव्हाच शेजारच्या विहारात भिक्खूंचं पठण सुरू झालं. शब्द तेच, चाल थाई. आई थांबली. "तुमच्याकडे विहार आहे की काय जवळ?"

"हो," मी म्हणालो. "नवीनच झालाय. थाई लोकांचा. मागच्याच गल्लीत."

"अगं, ऐकलंस का?" ती ताईला हाक मारत म्हणाली. "याच्या घरामागे विहार आहे!" आठवड्याभरात ही बातमी आईच्या विहारातल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचली.

पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाची दारं बंद झाली. लॅबमध्ये आम्ही घशाचे नमुने तपासायचो, मास्कचे वळ गालावर घेऊन घरी यायचो. पौर्णिमेचा फोन चालू राहिला, आता खरोखरच सिडनीहून. आई दर वेळी विचारायची, "आज तुमच्या विहारातून आवाज नाही येत?"

"लॉकडाऊन आहे ना आई. बंद आहे."

सगळं जग ज्याच्या नावाने बोटं मोडत होतं तो लॉकडाऊन माझ्या मदतीला आला होता.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये आई आजारी पडली. नागपुरात बेड मिळत नव्हते. ताईने कुठून तरी मिळवला. तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही परवानगी लागायची, मी ती मागितली आणि उत्तराची वाट बघत बसलो. वॉर्डातल्या एका नर्सने फोन धरला. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने तो जरा बाजूला केला आणि विचारलं, "तुमच्या त्या विहारातून नदी दिसते का रे?"

मी म्हणालो, "नाही आई. रस्ता दिसतो."

तिने मान हलवली आणि मास्क परत लावला. आमचं शेवटचं बोलणं ते.

ती गेली त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जाहीर केलं की भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना दंड होईल, तुरुंगही होईल. सिडनीतल्या पेंडल हिलच्या वाणसामानाच्या दुकानाबाहेर दीड-दीड मीटरवर उभी असलेली आमची रांग पेटून उठली. पुढचा पंजाबी म्हणाला, "भाई, ओथ ली थी ना हमने? ये तो धोखा है." मलाही नागरिकत्वाच्या शपथेचा तो समारंभ आठवला, टाउन हॉल, हातात दिलेलं छोटं रोप, मेयरबरोबरचा फोटो. मी सगळ्यात मोठ्याने बोललो. फसवलं यांनी. कर घेताना आपण यांचे, संकटात परके. रांगेतले लोक माना डोलवत होते. ते सगळं खरं होतं, आजही मला त्याचा राग आहे. पण 'फसवलं' हा शब्द उच्चारताना मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. माझ्या हातात दुकानाबाहेरच्या टोपलीतून उचललेली कोथिंबिरीची जुडी होती. ती मी परत ठेवून घरी आलो.

दारं उघडल्यावर दोन हजार बावीसमध्ये नागपूरला गेलो, आईच्या स्मृतिदिनाला. ताईने चहा पुढे ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काऊन रे, तुमच्या त्या विहाराचं नाव काय?"

"थाई नाव आहे. अवघड आहे."

"पुरे," ती म्हणाली. "भूगोल शिकवणाऱ्या बाईला तू सिडनीच्या दुपारी साडेबाराला भिंतीवर सकाळचं तिरपं ऊन दाखवलंस. फोन ठेवल्यावर आईने बोटांवर तास मोजले. म्हणाली, हा गेलाय तिथे."

मी विचारलं, "मग बोलली का नाही?"

"मी हेच म्हटलं तिला. सरळ विचार. म्हणाली, मी नाही विचारणार. तो सांगेल. दर पौर्णिमेला तुला विहाराचं विचारायची ना, ते काऊन विचारत होती वाटतं तुला?" ताईने माझ्याकडे न बघता कप उचलला. मी अजून प्यायलो नव्हतो. "आणि तिचं सोड. माझ्या पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही."

मी 'हो' म्हणालो नाही, 'चुकलं' म्हणालो नाही. दुपारचं ऊन अंगणात होतं, मी त्याकडे बघत बसलो.

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाली. ताईने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आईच्या शाळेबद्दल बोललो, तिच्या शिस्तीबद्दल. बसल्यावर पुढच्या रांगेतल्या काकूंनी माझा हात धरला. "बाईंना तुझा फार अभिमान होता. विहाराला लागूनच घर ना तुझं? परदेशात असं घर मिळायला पुण्याई लागते बाबा." आजूबाजूच्या सगळ्या जणी हसून माझ्याकडे बघत होत्या. ताईही बघत होती, दुपारपासून पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत. ती काय मागत होती ते मला कळलं होतं.

मी म्हणालो, "हो काकू."

ताई उठली आणि सतरंज्या गोळा करायला लागली. तेव्हापासून पौर्णिमेला मी फोन लावतो, ती उचलत नाही.

लोक विचारतात, आता घर कुठलं वाटतं, इकडचं की तिकडचं. सिडनीत माझ्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतात, लॅबमध्ये तर माझ्या सहीवर. इथे मला निवांत झोप लागते. मला खरं ओळखणारं माणूस एकच आहे आणि ते नागपुरात आहे, माझ्याशी बोलत नाही. माझं घर तिथे आहे.

हे लिहून मी मोकळा झालो असं कोणी समजू नये. कागदावर सांगणं सोपं असतं, समोर कोणी नसतं. आईच्या विहारात त्या बायकांपुढे, ताई बसलेली असताना, मला उभं राहून सांगायचं आहे की माझ्या घरामागे विहार नाही आणि त्या कार्तिक पौर्णिमेला मी आईला न घेता चियांग माईला गेलो होतो. एवढं मी देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.