संगणकाला कणकण आली तेव्हा

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी ती त्याच्याशी बोलायची. टाइपरायटरवरचं कापड काढताना हळूच म्हणायची, "उठा महाराज, उजाडलं." घाटकोपरच्या एका औषध कंपनीत आम्ही दोघी शेजारी-शेजारी टायपिस्ट होतो. माणसांशी ती मोजकंच बोले. पंख्याशी, लिफ्टशी मात्र तिच्या गप्पा चालत. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल.

दिवाळी अंकांत ती विनोदी विज्ञानकथा लिहायची. तिच्या कथांतला अगडबंब संगणक जेवणानंतर वामकुक्षी घेई. प्रश्न आवडला नाही की रुसून बसे. एकदा त्याने चंद्रावर निघालेलं यान अंगारकी आहे म्हणून अडवून ठेवलं होतं. हे सगळं तिने खरा संगणक न बघता लिहिलेलं. हे तुला सुचतं कसं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा कापडगिरणीत होते ना. मागाला जनावरासारखं गोंजारायचे. संगणक म्हणजे काय गं, शिकलेला मागच."

पंच्याऐंशीच्या आसपास आमच्या ऑफिसात खरा संगणक आला. त्याच्यासाठी थंडगार खोली. चपला बाहेर काढायच्या. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली. पडद्यासमोर बसली आणि इंग्रजी अक्षरांत मराठीच टाइप केलं, "प्रवास बरा झाला ना?" आज्ञा चुकली आहे, एवढंच उत्तर आलं. संध्याकाळी आम्ही स्टेशनकडे निघालो. चालता चालता ती म्हणाली, "त्याला रुसतासुद्धा येत नाही गं."

त्या दिवाळीला तिने काही लिहिलं नाही.

आम्हाला ते यंत्र शिकायला बसवलं. जमलं नाही तर टायपिस्टची जागा जाणार, हे उघड होतं. मी गरजेपुरतं शिकले. ती मात्र जेवणाच्या सुट्टीतही शाल गुंडाळून तिथेच बसू लागली. पडद्याच्या हिरव्या उजेडात तिचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसे. बाहेर आली तरी काही वेळ ती आमच्यात नसे.

एके दुपारी मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. खोकल्याच्या औषधाचा साठा दाखवा, अशी आज्ञा त्यांनी ऐटीत दिली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: "आज अंगात कणकण आहे. जरा पडतो. तुम्ही चहा घ्या."

एक वयस्कर पाहुणे डोळे पुसेपर्यंत हसले. साहेब हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला बोलावलं. ते उत्तर आपणच यंत्रात घालून ठेवलं होतं, हे तिने लगेच कबूल केलं, आणि साहेबांच्या देखत त्या ओळी स्वतःच पुसल्या. बाहेर येऊन मला म्हणाली, "आजारी माणसाला उठवून कामाला लावल्यासारखं वाटलं."

नोकरी राहिली, पण तिची बदली गोवंडीच्या गोदामात झाली. तिथे संगणक नव्हता. आमचा मात्र त्यानंतर कधी आजारी पडला नाही. बाटल्या बिनचूक मोजत राहिला, आणि ती खोली मला जास्तच थंड वाटू लागली.

एका दुपारी तिला भेटायला गोदामात गेले. खोक्यांच्या उंच राशींमध्ये एका खिडकीपाशी ती बसली होती. बाहेर दूरवर घारी घिरट्या घालत होत्या. फाटक्या पुठ्ठ्यावर ती भराभर काहीतरी लिहीत होती, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच हसत होती. पुढच्याच वर्षी ती आजारात गेली. गोदामातल्या त्या दुपारी मी तिला हाक मारली नाही. दारातच उभी राहून तिचं ते हसणं बघत राहिले.